पाटीमागचं हसणं

हेडफोनच्या स्पंजला वास येतो, हे मला या कामाला लागल्यावर कळलं. डोक्याचं तेल, कानामागचा घाम, माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी तो घातला त्या सगळ्यांचा मिळून एक आंबट वास. पहिल्या दिवशी मी तो नाकापासून लांब धरला, तर दुकानाचे मालक म्हणाले, "आदत पड़ जाएगी." त्यांना आम्ही सगळे भैया म्हणतो. वासाची सवय खरंच झाली. आवाजांची मात्र अजून झालेली नाही.

कॉलरला लावायचा छोटा माइक माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. समोर बसलेल्या तीनशे लोकांना जे ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं. चावणं, गिळणं, दातात अडकलेलं काढताना जिभेचा होणारा चकचक आवाज, दाबलेली ढेकर. नटूनथटून स्टेजवर बसलेला माणूस माझ्या कानात नुसतं एक ओलं तोंड असतो. हे कोणाला सांगायला गेलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही. आता लिहिते आहे, पण नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा एका कारखान्यात हेल्पर आहेत, आई घरी ब्लाउज शिवते, आणि आम्ही जबलपूरच्या गढा भागात राहतो. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी, जिथे कोणाला येता येत नाही तिथला कार्यक्रम भैया इंटरनेटवर लाइव दाखवतात, आणि रविवारी किंवा लग्नाच्या तिथीला मी त्यांच्याकडे जाते. तीन कॅमेरे असतात. तिन्हींची केबल एका डब्यात येते, डब्यातून माझ्या लॅपटॉपवर. कोणता कॅमेरा कधी दाखवायचा ते मी ठरवते आणि तेच बाहेर जातं. मधे जेवण किंवा साडी बदलणं असलं की मी एक पाटी लावते, 'थोड़ी ही देर में', खाली फुलं आणि मागे सनई. बाहेरच्या लोकांना फक्त पाटी दिसते.

पण बाजूला एक रेकॉर्डर असतो. तो पाटी मानत नाही. एकदा नेट गेलं आणि अर्धं लग्न हातचं निसटलं, तेव्हा लग्नघरच्यांनी भैयांना हॉलमध्येच फार बोल लावले. त्यानंतर भैयांनी हा रेकॉर्डर आणला. बटण दाबल्यापासून वायर काढेपर्यंत तिन्ही कॅमेरे आणि सगळे माइक तो गिळत राहतो. नंतर त्यातून हवं तेवढं काढून, जोडून द्यायचं, हेही माझंच काम.

भैयांचा एक नियम आहे, गिऱ्हाइकाशी हिंदीतच बोलायचं. तो मला सोयीचा होता. जबलपुरात मराठी घरांना मराठीचा एक उपयोग हमखास असतो. दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाला समोर असला आणि त्याला कळू द्यायचं नसलं की मराठीत बोलायचं. माझी आईसुद्धा भाजीवाल्यासमोर मला म्हणते, "सडका देऊन राहिला, चाल पुढे." पण मराठी गिऱ्हाइकासमोर मी मराठी बोलत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. ते आधी खूश होतात. "अरे, तुम्ही मराठी!" म्हणतात. आणि लगेच विचारतात, "कोणते?" मग आडनाव. आडनाव सांगितलं की चेहऱ्यावर काहीतरी थोडंसं मिटतं. वाईट कोणी बोलत नाही. फक्त "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि ती खुशी आवरून ठेवतात. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा नको वाटलं. त्यापेक्षा हिंदीवाली असलेली बरी.

ज्याच्यामुळे हे लिहिते आहे ते साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एका रविवारी दुपारी होतं. दोन्ही घरं मराठी, पिढ्यान्पिढ्या इथलीच. मुलगी शहरात एका शाळेत शिकवते. लाइवचं बुकिंग तिनेच केलं होतं, एका माणसासाठी. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला. डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, आणि शहपुऱ्याच्या घरून इथवर गाडीत बसून येणं डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. आई त्यांच्याजवळच थांबली. विधी मामा-मामींनी केले. ठरलं असं होतं की वडील एका फोनवर लाइव बघतील आणि आशीर्वादाच्या वेळी आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लागेल, तो हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दिसेल.

अशा वेळी एक गोष्ट सांगावीच लागते. लाइव उशिरा पोचतं. इथे बोललेलं तिथे वीस-पंचवीस सेकंदांनी ऐकू येतं. म्हणून व्हिडिओ कॉल सुरू झाला की लाइववाल्या फोनचा आवाज बंद करा, नाही तर गोंधळ होतो. मी सकाळी त्यांना फोन केला तो हेच सांगायला.

मुलीची आई म्हणाली, "हां बेटा, आवाज येऊन राहिला. आ रहा है. त्यांना उशी लावून बसवलं मी. नवा सदरा घातला. दिखेगा ना चेहरा नीट?"

ती अगदी माझ्या आईसारखी बोलत होती. तशीच मधेच हिंदी, तोच घाईचा सूर. माझ्या तोंडात "हो काकू" आलं होतं. ते बाहेर पडेल अशी भीती वाटली आणि मी "जी आंटी, दिखेगा, दिखेगा" म्हणून फोन ठेवून दिला. दुसऱ्या फोनचा आवाज बंद करायला सांगायचं राहून गेलं.

दुपारी वडील पडद्यावर आले. पडदा मोठा होता, भिंतभर. त्यावर त्यांचा एका बाजूला उतरलेला चेहरा, पांढरा सदरा, आणि ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत आलेली लाळ. काकूंचा हात मधे येऊन पदराने ती पुसत होता. मुलगी स्टेजवर उभी राहून हात जोडून बघत होती. ते म्हणाले, "सुखी... राहा. दोघंही... सुखी राहा." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला! हॉल चिडीचूप होता. मग ते दमून थांबले. आणि त्यांच्या उशाशी असलेल्या दुसऱ्या फोनमधून, वीस-पंचवीस सेकंद उशिराने, त्यांचाच आवाज आला, "सुखी... राहा."

त्यांनी मान वळवली. "कोण?" म्हणाले. मग कोणी मोठ्या माणसाने आशीर्वाद दिल्यावर द्यावं तसं, अगदी आदबीने, "हो... हो. राहू, राहू."

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. कोणी वाईट हसलं असं नाही. मुलीने डोळे पुसले. काय झालं ते तिथे फक्त मला कळलं होतं. मी पाटी लावली.

लोक जेवायला खाली गेले. मुलगी साडी बदलायला गेली. स्टेजवर मुलगा, त्याची आई आणि आत्या राहिले. त्यांनी ताटं वरच मागवली. मुलाच्या कॉलरचा माइक काढायला कोणी गेलं नाही, म्हणजे मी गेले नाही. माझं टेबल स्टेजच्या कडेलाच होतं, चार हातांवर. एका कानावर हेडफोन, दुसरा मोकळा.

आत्या पुरी मोडत म्हणाली, "व्याही मस्त मिळाला हो वहिनी तुम्हाला. आशीर्वाद देते पण स्वतःच, अन् घेते पण स्वतःच."

मुलाने मान तिरकी केली, एक डोळा मिटला, ओठ खाली ओढला. "शुखी... लाहा." मग दचकून बाजूला पाहिलं. "कोण? हो... हो. लाहू, लाहू."

हुबेहूब होतं. काकूंचा पुसणारा हातसुद्धा त्याने रुमालाने करून दाखवला.

आणि मी हसले.

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मुलाची आई हळूच म्हणाली, "हिला समजते का रे मराठी?"

मुलाने विचारलं, "ए दीदी, मराठी आती है क्या?"

मी हेडफोन सरकवला, ऐकूच आलं नाही असा चेहरा केला आणि म्हणाले, "जी?"

"काही नाही समजत तिला," आत्या म्हणाली. "आपण हसलो म्हणून हसली."

मग ते निर्धास्त बोलत राहिले. मुलाची आई म्हणाली, "हसू नको, वेळ आहे आपल्यावर. लग्नापर्यंत टिकवा म्हणा त्यांना. मधेच गेले तर तारीख लांबते."

"अन् लग्नाच्या दिवशी फोटोत नका हो घेऊ त्यांना," आत्या म्हणाली. "भिंतीवर एवढी मोठी लाळ पाहून मला तर श्रीखंड गेलं नाही."

पण श्रीखंड ती खात होती. मुलाच्या माइकमधून तिच्या बोटं चाटण्याचा आवाज मला स्पष्ट येत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेले, तर काकूंचा फोन आला. लाइव नीट दिसलंच नाही म्हणाल्या. "गोल गोल फिरून राहिलं होतं सारखं. बेटा, तुम पूरा दे दो. काटना मत कुछ. त्यांना सगळंच पाह्यचं आहे. लोक कसे बसले, काय जेवले, कोण काय हसलं. सकाळपासून मागे लागले आहेत."

मी रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. तीन कॅमेरे आणि माइक वेळ जुळवून एकाखाली एक लावले. मग पाटीच्या जागेवर आले. बाहेर सनई वाजत होती तेवढ्या वेळात आत काय काय झालं ते तिथे सगळं होतं.

मला वाटत होतं की आपण आधी ऐकलेलंच परत ऐकणार आहोत, तर त्यात एवढं काय. पण तेव्हा मी तिथे होते, आणि आता बाहेरून ऐकत होते. "लाहू, लाहू" झालं, आणि लगेच एक हसणं आलं. नाकातून फस्सकन निघालेलं, मग उचकीसारखं दोनदा. आत्याचं हसणं त्याच्यानंतरचं होतं. मुलाच्या आईचं त्याच्याही नंतर. सगळ्यात आधी हसली ती मी.

म्हणजे ते हसले म्हणून मी हसले असंही नव्हतं. मी वाट पाहिली नव्हती. त्या माणसाची फजिती माझ्या एका विसरण्यातून झाली, तिची नक्कल कोणीतरी केली, आणि त्या नकलेला पहिली दाद माझी.

मी हेडफोन काढला. दुकानामागच्या बेसिनवर गेले. त्यात गुटख्याचे लाल डाग आणि कोणाचे तरी केस होते. तोंड धुतलं, परत आले, आणि ते हसणं परत ऐकलं. का ऐकलं ते सांगता येणार नाही. जखमेवरची खपली उकलून पाहतो तसं असेल. आठ-दहा वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी ते जास्त ओलं, जास्त घाणेरडं वाटत गेलं. माझ्या तोंडातून असा आवाज निघतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

भैयांना मी ब्रेकचा तुकडा ऐकवला. शब्द कळले नाहीत तरी नक्कल कळली. ते म्हणाले, "काट दे. हम वीडियो देते हैं, रिश्ते नहीं देखते."

"आंटी ने कहा है, काटना मत."

"आंटी को पता है अंदर क्या है? बूढ़े आदमी को यह सुनाएगी तू?"

त्यांचं बरोबर होतं. मी कापलं. आशीर्वाद, मग पाटी, मग नवी साडी नेसून येणारी मुलगी. जोड कुठे आहे ते मलाही ओळखू येईना इतकं स्वच्छ झालं. सगळं लावून पाहिलं. मुलगा वाकून पडद्यातल्या सासऱ्यांना नमस्कार करत होता, तोंडावर हसू, हात नीट जोडलेले. आत्या मुलीच्या गालावरून बोटं फिरवत होती, तीच बोटं. आणि माझं हसणं कुठेच नव्हतं. जिथे कापल्याने ते वाचत होते, तिथेच कापल्याने मीही वाचत होते. हे लक्षात आलं तेव्हा मला त्या स्वच्छ व्हिडिओचीच जास्त किळस आली. कोणाचं लग्न मोडणं हे माझं काम नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. पण त्या घरात राहायला ती मुलगी जाणार होती, आणि त्या घरात तिच्या वडिलांची कोणाला काय किंमत आहे, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बुकिंगच्या कागदावर तिचा नंबर होता. मी फोन करून म्हणाले, "दीदी, एक बार दुकान आ जाइए. रिकॉर्डिंग में एक जगह आपको देखनी पड़ेगी."

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती आली. बोटांना खडू लागलेला होता. भैया एका हॉलवर केबल टाकायला गेले होते. मी हेडफोनचा स्पंज ओढणीने पुसला आणि तिला दिला. पाटीची जागा काढून दिली आणि बाजूला उभी राहिले. मला आवाज येत नव्हता, पण पडद्यावरच्या ओठांवरून प्रत्येक शब्द कळत होता.

ती शेवटपर्यंत बसली. चेहरा फारसा बदलला नाही. फक्त खडूची बोटं ती एकमेकांवर घासत राहिली आणि टेबलावर पांढरी भुकटी पडत राहिली. संपल्यावर तिने माउस स्वतःच्या हातात घेतला आणि मागे नेलं. परत ऐकलं. परत मागे नेलं. तिसऱ्यांदा तिने हेडफोन काढला.

"हसली ती कोण?" तिने विचारलं. मराठीतच, बहुधा स्वतःशीच. "आत्या नाही ही. आत्या नंतर हसली."

कोणी पाहुणी असेल असं मी म्हणू शकत होते. नाही तर नुसतं "जी?"

"मी," मी म्हणाले. "मी हसली, ताई."

तिने मान वर केली. मग माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर आलं, पहिल्यांदाच कोणा गिऱ्हाइकासमोर मराठीत, आणि तेही धड नाही. दुसऱ्या फोनचा आवाज बंद करायला सांगायचं असते, ते मी विसरली. लाइव उशिरा पोचते. तुमच्या बाबांना त्यांचाच आवाज मागून आला, म्हणून त्यांनी उत्तर दिलं. कोणीही दिलं असतं.

"म्हणजे बाबांना भ्रम नव्हता झाला?"

"नाही ताई. चूक माझी होती."

"अन् मी दोन दिवसांपासून रडून राहिली, की त्यांचं डोकं पण गेलं." ती पडद्याकडे पाहत होती. तिथे तो तिरकी मान करून थांबलेला होता. मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला मराठी येते."

मी त्या प्रश्नाची वाट पाहिली. कोणते, आडनाव काय. तो आला नाही. तिने विचारलं, "मग त्यांनी विचारलं तेव्हा 'जी' काहून म्हटलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या वडिलांच्या मानाने फार लहान वाटलं. मी टेबलावरची खडूची भुकटी ओढणीने पुसली. तिने पुढे विचारलं नाही आणि समजूत घालणारं काही बोललीही नाही. त्याचं मला बरंच वाटलं.

"बाबांना हे काढून द्या," ती म्हणाली. "मला पूर्ण द्या. सगळं. तुमचं हसणं पण." मी पेन ड्राइव्हवर उतरवू लागले तोवर तिने घरी फोन लावला. "आई, बाबांच्या कानाला दे." आणि फोन माझ्यासमोर धरला. "फोनची चूक त्यांना तुम्हीच सांगा. मराठीत सांगा."

मी सांगितलं. हळूहळू, एकेक गोष्ट. पलीकडे बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता, जड, ओला. माझ्या कानाला त्या आवाजांची किळस येते असं मी वर लिहिलं. त्या श्वासाची आली नाही.

"म्हणजे..." ते म्हणाले, "तो... मीच होतो?"

"हो काका."

"अन् मी... त्याला... हो म्हटलं." आणि ते हसले. अडखळत, बराच वेळ, खरोखर मजा वाटल्यासारखे. मागून काकूंचा आवाज आला, "काय झालं हो? काहून हसून राहिले?" मुलीने फोन माझ्या हातातून घेतला आणि दुकानाच्या दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

लग्नाचं लाइवही आमच्याकडेच ठरलं होतं. पुढच्या सोमवारी मुलाकडच्यांचा भैयांना फोन आला. शादी वाला लाइव कैंसिल, शादी ही नहीं हो रही. भैयांनी भिंतीवरच्या बोर्डावरची ती तारीख बोटाने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर दोन रविवार त्यांनी मला बोलावलं नाही. तिसऱ्या रविवारी बोलावलं.

रेकॉर्डर भरला की जुनं आपोआप पुसून त्यावर नवं चढवतो. एव्हाना ते साक्षगंध त्यातून गेलेलं आहे. मी पाहून खात्री केली. मराठी गिऱ्हाईक आलं की मी आता आधीच मराठीत बोलते, कोणी आडनाव विचारलं तर सांगते, आणि मिटणारे चेहरे बघते. हे जमलं. एक मात्र जमत नाही. कार्यक्रमात कोणी खरंच गमतीचं बोललं आणि मला हसू आलं, तर ओठ उघडायच्या आधी माझी नजर माइक कुठे आहे ते शोधते. मग मी हसते, नाही तर गिळते. त्या दिवसातून मी हे शिकले. त्याचीही मला घाण वाटते.